प्रवास सांगता आला पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आपल्याकडे कुणी गावाहून परत आलं, की पाण्याचा तांब्या पुढे करून पहिला प्रश्न विचारतात, ‘काय, प्रवास कसा झाला?’ आणि मग सुरू होतं. गाडी कुठे थांबली, शेजारी कोण बसलं होतं, घाटात काय दिसलं, डबा कुठे उघडला. माझं तर असं मत आहे, की निम्मा प्रवास रस्त्यावर होतो आणि उरलेला निम्मा घरी आल्यावर ओटीवर बसून होतो. सांगितल्याशिवाय तो पुरा झाल्यासारखा वाटतच नाही.

आज मला बोलायचं आहे ते या सांगण्याबद्दल; पण इंग्रजीतून सांगण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा माणूस इंग्रजीबद्दल काय सांगणार? शंका रास्त आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. पण आमच्या गावच्या वाचनालयात गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी एक वर्ग घेतो. फी नाही, हजेरीपट नाही. येणारे बहुतेक परदेशी निघालेले असतात. कुणी आखातात नोकरीला, कुणी जहाजावर, कुणी नर्स म्हणून, तर कुणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई. आम्ही कोकणातले, खाडीकाठचे मुसलमान. आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं दर्यावर आणि दर्यापार गेलेली आहेत. आजूबाजूच्या वाड्यांतली हिंदू मुलंही आता त्याच वाटेने निघाली आहेत. त्यामुळे वर्गाला विद्यार्थी कमी पडत नाहीत.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला दोन वह्या आणायला सांगतो. एकीत प्रवासाचे शब्द लिहायचे, दुसरीत फक्त भूतकाळ. बाकीचं इंग्रजी मागाहून येईल. या दोन वह्या भरल्या, तर माणूस परमुलखात आपली हकीकत आपण सांगू शकतो. आणि ते किती महत्त्वाचं असतं, ते मी पुढे सांगणारच आहे.

आधी शब्दांची वही उघडू.

‘प्रवास’ या एका शब्दासाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत, आणि नवशिका तिथेच गोंधळतो. ट्रॅव्हल, जर्नी, ट्रिप, टूर, व्हॉयेज. पण घाबरायचं कारण नाही. आपण तरी कुठे एका शब्दावर भागवतो? सहल वेगळी, यात्रा वेगळी, वारी वेगळी, दौरा वेगळा, फेरी वेगळी. पंढरपूरच्या वारीला कुणी सहल म्हणत नाही आणि मंत्र्यांच्या दौऱ्याला कुणी वारी म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच. इथून तिथपर्यंतचा रस्ता कापला, ती जर्नी. जाऊन काम करून किंवा मजा करून परत आलो, ती ट्रिप. चार ठिकाणं फिरलो, ती टूर. समुद्रावरून लांब गेलो, तर व्हॉयेज. आणि ट्रॅव्हल म्हणजे एकूण प्रवास ही गोष्ट. म्हणून ‘अ ट्रॅव्हल’ म्हणत नाहीत. आपणही ‘दोन दगदगी झाल्या’ असं कुठे म्हणतो?

दगदग हा शब्द मी उगाच वापरला नाही. ‘ट्रॅव्हल’ शब्द मुळात आला तो कष्ट, मेहनत या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून. ज्याने तो वापरात आणला त्याचे पाय नक्की दुखत असणार. ‘जर्नी’ही फ्रेंचमधूनच आली. तिच्या पोटात ‘दिवस’ आहे. एका दिवसात होईल तेवढी चाल, ती जर्नी. हे वाचलं तेव्हा मला आपली ‘मजल’ आठवली. मजल म्हणजेही एका दिवसाची चाल. मजल दरमजल करीत लष्करं जायची, यात्रेकरू जायचे. हा शब्द अरबी ‘मंझिल’वरून आपल्याकडे आला, मंझिल म्हणजे उतरण्याची जागा. म्हणजे फ्रान्समधला वाटसरू काय आणि अरबस्तानातला काय, दोघांनीही रस्ता मोजला तो सूर्याच्या उगवण्या-मावळण्याने.

आणखी एक शब्द मुलांना आवडतो. आफ्रिकेतली जंगलं पाहायला जातात, तिला इंग्रजीत ‘सफारी’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी स्वाहिली भाषेतून घेतला आणि स्वाहिलीत तो आला अरबी ‘सफर’वरून. तीच सफर, जी आमच्या घरात कुणी निघालं की आजही म्हणतात. एवढं सांगितलं, की वर्गातल्या पोरांच्या चेहऱ्यावरचं दडपण जरा कमी होतं. इंग्रजी म्हणजे अगदीच परकं घर नाही, तिथेही आपले काही पाव्हणे आधीच जाऊन राहिले आहेत, असं त्यांना वाटतं.

पण नुसती नावं पाठ करून चालत नाही. खरी मजा क्रियापदांत आहे. आपण म्हणतो, ‘माझी गाडी चुकली.’ चुकली कोण? गाडी! आपण साळसूद. इंग्रजीत मात्र ‘आय मिस्ड द ट्रेन’. तिथे चुकणारा मी. आपण म्हणतो, ‘मला उशीर झाला.’ जणू उशीर कुठून तरी आला आणि मला झाला. इंग्रजीत ‘आय वॉज लेट’, उशिराचा धनी मीच. यात कुणाची भाषा चांगली, कुणाची वाईट, असा प्रश्न नाही. पण वाक्याच्या सुरुवातीला कोण उभं राहणार, हे दोन्हीकडे वेगळं असतं. ते एकदा ध्यानात आलं, की निम्मी लढाई संपली.

आपलं ‘लागणे’ घ्या. ‘गाडी फलाटाला लागली’, ‘वाटेत कराड लागतं’ आणि ‘मला गाडी लागते’. तीन ठिकाणी तीन अर्थ. शब्दाला शब्द ठेवायला गेलात तर फसलात. पहिलं म्हणजे गाडी येऊन उभी राहिली, दुसरं म्हणजे ते गाव रस्त्यावर आहे, तिसरं म्हणजे प्रवासात मळमळतं. आमच्याकडे ‘बोट लागली’ म्हणतात, त्याला इंग्रजीत ‘सीसिक’. म्हणून मी सांगतो, शब्द शोधण्याआधी आपल्याला म्हणायचं काय आहे ते आधी मराठीतच नीट विचारून घ्या.

उलट काही ठिकाणी आपली मराठी आपल्याला अलगद नेऊन पोचवते. आपण बसमध्ये ‘चढतो’, पण रिक्षात ‘बसतो’. इंग्रजीतही बस, गाडी, बोट, विमान यांना ‘गेट ऑन’ आणि टॅक्सी, मोटार यांना ‘गेट इन’. हा भेद आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तो आपल्याजवळ आहेच. ‘रीच’पुढे मात्र ‘टू’ लावायचं नाही, हे वहीत लाल शाईने लिहायचं. कारण ‘पुण्याला पोचलो’मधला ‘ला’ आपल्याला सोडत नाही.

आता दुसरी वही. भूतकाळाची.

शाळेच्या व्याकरणात इंग्रजीचे बारा काळ शिकवतात. तक्ता पाहूनच पोरांना घाम फुटतो. आमच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. इंग्रजी आम्हाला पाचवीत भेटली. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ती पहिलीपासून आली. तरीही तक्त्याची भीती तशीच आहे. मी मुलांना सांगतो, आमच्या धर्मात प्रवाशाला एक सवलत आहे. सफरीवर असलेल्या माणसाने चार रकातींची नमाज दोनच रकातींची पढायची. त्याला ‘कसर’ म्हणतात. तुम्हीही प्रवासी आहात. तुम्हाला बारातून चारच काळ पुरेत. आणि हे चारही तुम्हाला बोलायला लागल्यापासून येतात.

कसे ते ऐका. समजा, एसटीचा एक प्रवास आपण सांगतो आहोत.

‘पाऊस पडत होता. आमची गाडी कुंभार्ली घाट चढत होती. एकदम गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. पुढे दरड कोसळली होती. लहानपणी याच घाटात आम्ही करवंदं तोडायला उतरायचो.’

सहा साधी वाक्यं. तुम्ही-आम्ही रोज बोलतो तशी. पण यात चारही काळ आहेत. ‘थांबली, उतरला’ हा कथेचा धागा. एकामागून एक घडलेल्या गोष्टी. इंग्रजीत ‘स्टॉप्ड’, ‘गॉट डाउन’. ‘पडत होता, चढत होती’ हा कथेमागचा पडदा. गोष्ट घडली तेव्हा आधीपासून जे चालू होतं ते. इंग्रजीत ‘वॉज रेनिंग’, ‘वॉज क्लाइंबिंग’. ‘कोसळली होती’ म्हणजे आपण तिथे जाण्याआधीच घडून गेलेलं. इंग्रजीत ‘हॅड फॉलन’. आणि ‘उतरायचो’ म्हणजे पूर्वीची सवय, ‘यूज्ड टू’. झालं. यापलीकडे प्रवास सांगायला फार काही लागत नाही.

आता गंमत बघा. यातला फक्त एक शब्द काढतो. ‘गाडी थांबली. पुढे दरड कोसळली.’ काय झालं? सगळी गोष्टच बदलली. आधीच्या वाक्यात दरड पडून रस्ता बंद होता म्हणून गाडी थांबली. आता गाडी थांबली आणि आपल्या डोळ्यांदेखत दरड आली, थोडक्यात वाचलो! एका ‘होती’ने आधी काय आणि नंतर काय, हे ठरतं. इंग्रजीत तेच काम ‘हॅड’ करतो.

हा ‘हॅड’ माझ्या घरात फार जुना आहे. तो कसा आला ते सांगतो.

माझे वडील पंधरा-सोळाव्या वर्षी दर्यावर गेले आणि पुढे मालवाहू जहाजांवर खलाशी झाले. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण इंग्रजीतले दोनेकशे शब्द त्यांना येत असतील. अँकर, रोप, डेक, हॅच, लॅडर, सगळ्या वस्तूंची नावं. त्याशिवाय हुकूम. पुल, होल्ड, लेट गो, कम हियर. जहाजावर दोन्ही बाजूंना एवढीच भाषा लागायची. १८११ साली थॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने कलकत्त्यात जहाजी शब्दांचा एक इंग्रजी-हिंदुस्थानी कोश छापला. गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या खलाशांशी बोलता यावं म्हणून. त्यातही काय, तर जहाजाच्या भागांची नावं आणि कामाचे हुकूम. आता हुकुमाचा विचार करा. हुकुमाला भूतकाळ नसतो. ‘ओढ’, ‘सोड’, ‘ये’, ‘जा’. ज्याला आयुष्यभर नुसते हुकूमच ऐकू आले, त्याच्या तोंडी इंग्रजी भूतकाळ यावा कुठून?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अब्बांचं जहाज एका परक्या बंदरात उभं होतं. रात्रपाळीला मालाच्या कोठारात उतरायच्या शिडीवरून एक खलाशी पडला. आवाज ऐकून अब्बा धावले. जाऊन पाहतात तो गडी खाली निपचित पडलेला. त्याला दवाखान्यात नेलं, पण तो काही दिवस शुद्धीवर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी बसली. सगळ्यात आधी तिथे कोण पोचलं, तर अब्बा. त्यांना विचारलं, काय झालं? अब्बांनी सांगितलं, ‘आय कम, ही फॉल.’

लिहून घेणाऱ्याने ते आपल्या परीने शुद्ध करून लिहिलं. ‘मी आलो तेव्हा तो पडला.’

पुढचे प्रश्न मग त्या वाक्यातून निघाले. तू येताच तो कसा काय पडला? तू शिडीला हात लावलास का? तुमचं दोघांचं काही भांडण होतं का? अब्बांना प्रश्न समजत होते, पण उत्तर एकच येत होतं, ‘आय कम, ही फॉल.’ ते जितक्या वेळा खरं बोलले, तितक्या वेळा त्यांच्यावरचा संशय पक्का होत गेला. तीन दिवस त्यांना कामावरून बाजूला बसवलं. जहाजावर रिकामा बसलेला माणूस सगळ्यांना दिसतो. जेवायला त्यांच्या शेजारी बसणारेही दुसरीकडे बसू लागले.

चौथ्या दिवशी जहाजावरच्या एका गोव्याच्या स्टुअर्डने त्यांना जवळ बोलावून कोकणीत विचारलं. अब्बांनी आपल्या बोलीत सांगितलं, मी पोचलो तेव्हा तो पडला होता. स्टुअर्ड त्यांना घेऊन वर गेला आणि ते वाक्य त्याने इंग्रजीत सांगितलं, ‘हॅड’ घालून. लिहिणाऱ्याने मागचं खोडलं, नवं लिहिलं. प्रश्न संपले. पुढे तो खलाशीही शुद्धीवर आला आणि आपला पाय घसरला होता, असं त्याने स्वतःच सांगितलं.

अब्बा ही गोष्ट सांगायचे तेव्हा कुणाला दोष द्यायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, ‘माझ्याजवळ सगळे दोरखंड होते, नेमका एक नव्हता.’ मी पाचवीत गेलो आणि इंग्रजीचं पुस्तक घरी आणलं, तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ‘यात ‘हॅड’ कुठे आहे?’ ते पान अजून बरंच लांब होतं. त्यांनी मला ते त्याच दिवशी शिकायला लावलं.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. अब्बांना काळ येत नव्हता असं नाही. ‘पडला’ आणि ‘पडला होता’ यातला फरक त्यांना कुठल्याही व्याकरणकाराइतका चोख कळत होता. जन्मभर त्यांनी ओटीवर बसून वादळाच्या, बंदरांच्या गोष्टी सांगितल्या, त्यात आधीचं कधी नंतर झालं नाही. त्यांना कमी होता तो एवढाच निरोप, की बाबा रे, तुझ्या ‘होता’ला इंग्रजीत ‘हॅड’ म्हणतात. हा निरोप पोचवणं, एवढंच माझ्या वर्गाचं काम आहे.

अर्थात दोन भाषांचे सांधे सगळीकडे जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत त्या जागा मी मुद्दाम दाखवतो. पहिली जागा याच ‘होतो’ची. आपण सहज म्हणतो, ‘काल पुण्याला गेलो होतो.’ म्हणजे गेलो आणि परत आलो. त्याचं आपले लोक ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ असं करतात. इंग्रजाला वाटतं, याचं पुढचं वाक्य यायचंय. गेला होता, मग काय झालं? तो वाट पाहत बसतो. तिथे साधं ‘आय वेंट’ पुरतं. ‘हॅड’ आणायचा तो दुसरी एखादी गोष्ट त्याच्या नंतर घडली असेल तेव्हाच. एकटा ‘हॅड’ शोभत नाही, त्याला जोडीदार लागतो.

दुसरी जागा. ‘तो दुबईला गेलाय’ आणि ‘तो दुबईला जाऊन आलाय’. पहिला अजून तिकडेच आहे, दुसरा परत आलाय. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅज गॉन’, दुसऱ्याला ‘हॅज बीन’. हे आमच्या गावात लगेच समजतं. कारण प्रत्येक घरात एक गेलेला आणि एक जाऊन आलेला असतोच. पण ‘गेल्या वर्षी’ असं काही म्हटलंत, की हे दोन्ही बाजूला ठेवायचे आणि ‘वेंट’ म्हणायचं.

तिसरी जागा मजेची आहे. हॉटेलातला पोऱ्या ओरडतो, ‘आलो, आलो!’ आणि असतो अजून भटारखान्यात. आपण फोनवर सांगतो, ‘निघालो,’ आणि पायात चप्पल नसते. आपली ही भूतकाळाची रूपं पुढचंच बोलतात. इंग्रजीत ‘आय केम’ म्हणालात तर समोरचा दाराकडे पाहील. तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’.

चौथी, दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची. आपण म्हणतो, ‘तो म्हणाला, मी येतो.’ त्याचे शब्द जसेच्या तसे. इंग्रज ते एक पायरी मागे नेतो, ‘ही सेड ही वॉज कमिंग’. प्रवासाच्या हकिकतीत हे सारखं लागतं. कंडक्टर काय म्हणाला, काउंटरवरचा साहेब काय म्हणाला.

आणि ‘गो’चं ‘वेंट’ कसं होतं, हा प्रश्न तर दरवर्षी येतो. मी विचारतो, ‘जा’चं ‘गेला’ कसं होतं? ‘जाला’ का नाही? ‘ये’चं ‘आला’, ‘हो’चं ‘झाला’, ‘कर’चं ‘केला’. आपल्याही घरात सगळी पोरं सरळ नाहीत! ‘वेंट’ खरं तर ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच एका जुन्या क्रियापदाचं रूप. ते ‘गो’च्या घरी दत्तक आलं आणि तिथलंच झालं.

भूतकाळाची ताकद किती असते, याचं एक मोठं उदाहरण मी वर्गात सांगतो. इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारा पहिला हिंदी माणूस म्हणून ज्याचं नाव घेतात, तो दीन मोहम्मद. जन्म १७५९, पाटण्याचा. वडील लहानपणीच गेले. पोरवयात तो कंपनीच्या बंगाल फौजेतल्या एका आयरिश अधिकाऱ्यामागे छावणीत गेला, आणि १७८४ साली त्याच्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी पोचला. तिथे त्याने इंग्रजीचा अभ्यास केला आणि १७९४ साली पुस्तक काढलं. कसलं? प्रवासाचं! एका मित्राला लिहिलेली अडतीस पत्रं, अशी त्याची मांडणी आहे. आपला मुलूख, आपली माणसं, सण, लढाया, शहरं. अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं, की काही वर्णनं त्याने आधीच्या इंग्रज प्रवाशांच्या पुस्तकांतून घेतली होती. परकी भाषा शिकणारा सुरुवातीला उसन्या वाक्यांवरच उभा राहतो, हे आपण सगळेच जाणतो. पण त्याच्या बापाचा मृत्यू, त्याचं छावणीतलं बालपण, हे त्याचं स्वतःचं होतं आणि ते त्याने स्वतः सांगितलं. पुढे याच गृहस्थाने १८१० साली लंडनमध्ये हिंदी जेवणाचं हॉटेल काढलं. मग ब्रायटनला जाऊन चंपी-मालिशची स्नानगृहं चालवली. आपली ‘चंपी’ ‘शॅम्पू’ होऊन इंग्रजांच्या डोक्यावर बसली ती अशी.

त्याच्यानंतरचा लुत्फुल्लाह. जन्म १८०२, माळव्यातल्या धारचा. इंग्रज अधिकाऱ्यांना फार्सी, हिंदुस्थानी शिकवता शिकवता स्वतः इंग्रजी शिकला, १८४४ मध्ये विलायतेला जाऊन आला आणि त्याने आपली जीवनकथा थेट इंग्रजीत लिहिली. ती १८५७ साली लंडनमध्ये छापली गेली. त्याच १८५७ मध्ये आपले पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत अडकले होते. त्यांनी आपली हकीकत मराठीत लिहिली, ‘माझा प्रवास’; ती १९०७ साली प्रसिद्ध झाली. मी मुलांना गोडसे भटजींची चार पानं आधी वाचायला लावतो. कारण प्रवास कसा सांगावा हे इंग्रजीत शिकायच्या आधी मराठीत शिकता येतं. काय आधी, काय नंतर, काय चालू होतं, कुठे थांबायचं. सांगायची रीत ज्याला आपल्या भाषेत जमली, त्याला परक्या भाषेत फक्त शब्द बदलावे लागतात.

आता कुणी म्हणेल, हे सगळं कशाला? हातातला मोबाइल बोललेलं भाषांतर करून देतो. देतो, आणि चांगलं देतो. पाट्या वाचायला, पत्ता विचारायला त्याचा फार उपयोग आहे. वर्गात मी तोही शिकवतो. पण आमच्या वर्गातल्या एका भाभी मध्यंतरी लेकीकडे लंडनला गेल्या. पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या, पहिलाच विमानप्रवास. उतरल्यावर पट्ट्यावरून सगळ्यांच्या बॅगा आल्या, यांची आली नाही. मोबाइलची बॅटरी संपलेली. त्या सरळ काउंटरवर गेल्या आणि तीन वाक्यं बोलल्या. मी थांबले होते. सगळ्यांनी आपापल्या बॅगा नेल्या होत्या. माझी आली नव्हती. ‘हॅड’ बरोबर जागेवर. साहेबाने कागद भरून घेतला, पत्ता घेतला आणि दोन दिवसांनी बॅग घरी आली. परत आल्यावर हे त्यांनी वर्गात उभं राहून इंग्रजीत सांगितलं. मध्येच एकदा ‘डिड नॉट वेंट’ म्हणाल्या. पोरं हसली, त्याही हसल्या, आणि ‘डिड आला की मागचं क्रियापद सुधं राहतं’ हा नियम पोरांना त्यांनीच समजावून दिला.

तेव्हा मंडळी, ज्यांना शिकायचंय त्यांना माझी एक साधी रीत सांगतो. रोज झोपण्यापूर्वी दिवसभरातला एक प्रवास घ्या. मोठा नको, बाजारात गेलात तेवढाही चालेल. आधी तो मराठीत सहा वाक्यांत सांगा. त्यातली ‘होता’, ‘त होता’, ‘ला’, ‘यचो’ ही शेपटं ओळखा. मग ती सहा वाक्यं इंग्रजीत मोठ्याने म्हणा. लिहू नका, म्हणा. काउंटरवर कुणी वही मागत नाही. चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभरात वही भरल्यासारखी होईल.

शक्य असेल तर समोर कुणाला तरी बसवा. घरातलं शाळकरी पोर असेल तर उत्तम. ते चुका काढायला टपलेलंच असतं. त्याने मध्येच ‘मग काय झालं?’ असं विचारलं, की समजा तुमचं इंग्रजी बरोबर चाललंय.